सहा भोकं आणि एक फिरकीचा तांब्या

भिंत पडली की लोक आधी पाया बघत नाहीत, मिस्त्रीकडे बघतात. त्यातून ती परवान्याच्या सिमेंटची असेल तर विचारायलाच नको. आमच्या काळात सिमेंट मनात आलं म्हणून दुकानातून आणता येत नसे. अर्ज करा, कचेरीत खेटे घाला, तेव्हा कुठं दहा-बारा पोत्यांचा परवाना हातात पडायचा. असल्या सिमेंटची भिंत आडवी झाली की गाव एका तोंडानं म्हणायचं, ‘मिस्त्रीनं पोती विकली.’ परभणी जिल्ह्यात मी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाच आलं, पण आलं ते वर्षभर मुक्कामाला राहिलं.

ती भिंत घराची नव्हती, पुश्त्याची होती. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घराच्या भिंतीला दोन्हीकडे हवा असते, तिनं नुसतं उभं राहायचं. पुश्त्याच्या भिंतीला एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला माती असते. परस उंचावर, खाली उतार, आणि परसातली माती खाली येऊ नये म्हणून ही बाई पाठ टेकवून उभी. आमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की कोपरापर्यंत हात जातो, आणि पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते. फुगली की भिंतीला रेटते. माझे उस्ताद जुन्या हैदराबादी अमलात शिकलेले. ते म्हणायचे, “मिट्टीसे नै डरना बेटा, पानीसे डरना.” पाण्याला वाट दिली की माती गरीब असते, वाट कोंडली की ती कुणाचं ऐकत नाही.

लोकांना हे पटवणं भिंत बांधण्यापेक्षा अवघड. पेडगावचा एक शेतकरी भिंतीमागं मुरूम भरायला तयार होईना. “घरची काळी माती असताना मुरूम कामून आणावा?” म्हणायचा. मी दोन दिवस त्याच्या ओट्यावर बसून राहिलो, चहा त्याचाच प्यालो आणि शेवटी मुरूम आणवला. बोरीच्या एकाला सगळे दगड एका रंगाचे पाहिजे होते. त्याला म्हटलं, साड्यांच्या दुकानात जा.

असा मी तोंडाचा फटकळ. म्हणून वालूरची गोष्ट सांगताना अजून माझंच मला नवल वाटतं.

मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. वालूरला वाघमारे गुरुजींनी मला बोलावलं. बौद्ध वस्तीतलं शेवटचं घर त्यांचं, मागं परस आणि परसाखाली ओढा. दर पावसाळ्यात परसाचा हातभर तुकडा ओढ्यात जायचा. शेवग्याचं झाड गेलं, न्हाणीचा दगड गेला. आता घराच्या मागच्या भिंतीपासून कड्यापर्यंत नऊ हात उरले होते. घर गुरुजींच्या वडिलांनी मजुरी करून उभं केलेलं. वडील नव्हते, आई होत्या. अंजनाबाई. बारीक अंगाच्या, ताठ मानेच्या, फार न बोलणाऱ्या.

गुरुजींनी खेटे घालून सिमेंटचा परवाना मिळवला होता. पोती घरात आली त्या दिवशी वस्तीतली माणसं बघायला आली म्हणे. मी काळ्या दगडाची, सिमेंटच्या सांध्यांची सात फूट उंच भिंत बांधली. मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून खालच्या अंगाला मातीच्या नळ्या बसवून सहा भोकं ठेवली. ती कशासाठी, हे गुरुजींना नीट समजावलं. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. शिकलेला माणूस, पुन्हा सांगावं लागलं नाही.

अंजनाबाई रोज दुपारी तांब्याभर पाणी घेऊन कामावर यायच्या. मी माझा फिरकीचा पितळी तांब्या दाखवायचो. “बाई, मला गावोगावचं पाणी बाधतं. माझं मी घेऊन हिंडतो.” त्या मान हलवून परत जायच्या. चार दिवसांनी त्यांनी आणायचं सोडलं.

भिंत माघात पुरी झाली. श्रावणात तीन दिवसांची झड लागली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत पडली.

निरोप आला तसा मी सायकल दामटत निघालो. भिंत विखुरली नव्हती. मधोमध दोन मोठे तुकडे होऊन पालथी पडली होती. सांधा एक निसटला नव्हता. सिमेंट कमी घातलेली भिंत अशी पडत नाही, तिचे दगड सुटे होऊन विखुरतात. पण हे बघायला डोळे लागतात. वर जमलेल्या माणसांपैकी एकानं, मला ऐकू येईल अशा बेतानं, ते वाक्य म्हटलं. दुसऱ्यानं मान डोलावली. गुरुजींनी त्याला अडवलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. कड्यापासून घराची भिंत आता चार हातांवर आली होती.

माणसं पांगल्यावर मी चिखलात उतरलो. भिंतीची तोंडाची बाजू जिथं दिसत होती तिथं थापीनं खरवडू लागलो. भोकं सापडेनात. पांढरा चुना, खाली निळा पट्टा, सगळं कसं गुळगुळीत. एका जागी चुन्याचा पोपडा निघाला आणि आत सिमेंटचा गोळा दिसला. कुणीतरी नळी ठासून बुजवली होती. दुसरी बघितली, तीही तशीच.

वर अंजनाबाई उभ्या होत्या. “काय हुडकायलाव मिस्त्री?”

“भोकं कुठं गेली बाई?”

“ती व्हय? मीच बुजवली की. एकातून इंचू निघाला हुता. आन् जयंतीला पाव्हणे येणार, नवी भितड, तिला भोकं कशी ठिवायची? राहिलेल्या शिमिटानं लिंपून चुना दिला.”

एप्रिलातल्या जयंतीला वस्तीतलं घर न् घर चुन्यानं उजळून निघतं. सणासाठी आपली नवी भिंत साजरी दिसावी, एवढंच त्या माउलीला वाटलं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ओरडलोच, “बाई, त्या भोकांवरच भिंत उभी होती.”

त्या होत्या तिथंच खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला कुणी सांगितलं न्हाई.”

मी तरातरा निघालो तो थेट हाटेलाकडे. तिथं बसलेल्यांना हात धरून आणायचं, बुजवलेली नळी दाखवायची आणि माझ्या नावावरचं किटाळ धुऊन काढायचं, एवढंच डोक्यात होतं. अर्ध्या वाटेत त्यांचं वाक्य आडवं आलं. खरंच, सांगितलं कुणी होतं? गुरुजी दिवसभर शाळेत. परस सांभाळणार, चुना देणार, विंचू बघणार त्या. आणि मी वही लिहिणाऱ्याला सांगून मोकळा झालो होतो. हाटेलात जाऊन मी सांगणार काय? की माझी भिंत अशी होती की सहा गोळे कोंबून एक म्हातारी ती पाडू शकते? सायकल वळवली. घरी येऊन बायकोलाही बोललो नाही. माझ्यासारख्यानं तोंड मिटून घेतलं म्हणजे काय झालं असेल ते माझं मला ठाऊक. अंजनाबाईही कुणाला बोलल्या नाहीत.

वर्षभर ते वाक्य ऐकलं. जिंतूरचं एक काम हातातून गेलं, सेलूच्या एकानं सिमेंटच्या पोत्यांजवळ स्वतःचा मेहुणा बसवला. त्याच वर्षी दिवाळी झाल्यावर मी आपणहून वालूरला गेलो. गुरुजींना म्हटलं, “पाऊस यायच्या आत पुश्ता झाला नाही तर घर जाईल. मी बांधतो. माझी मजुरी नको.”

 आतून अंजनाबाईंचा आवाज आला, “ह्योच मिस्त्री पायजे.”

पण सिमेंट कुठून आणायचं? परवाना दुसऱ्यांदा मिळायला पावसाळा उलटला असता. मी म्हटलं, सिमेंट नकोच, कोरडी बांधू. नुसता दगडावर दगड. शेताच्या कडेला आपल्याकडे जशी पौळ रचतात तशी, पण पुश्त्याच्या मापानं आणि घडून. सांधे सगळे उघडे राहतील, पाणी कुठूनही निघेल.

गुरुजींचा चेहरा उतरला. ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. “मिस्त्री, आमच्या बापजाद्यांनी मातीत रचलेल्या धोंड्यांतच दिवस काढले. पहिल्यांदा सिमेंट दारात आलं, ते पडलं. आता तुम्ही म्हणता, पुन्हा धोंडे रचा. गावातल्या चार घरांना सिमेंट आणि आमच्या परसाला पौळ. लोक काय म्हणतील ते राहू द्या, मला काय वाटेल?”

 गवंडीकामात असली मापं कुणी शिकवत नाही. मी एवढंच म्हणालो, “गुरुजी, माझ्यासंगं बारवंपर्यंत चला.”

गावात एक जुनी बारव आहे, पायऱ्यांची विहीर. तेव्हा ती गाळानं अर्धीअधिक बुजलेली, कडेला बाभळी माजलेल्या. पण वरचे थर उघडे होते. अंजनाबाईही मागोमाग आल्या. मी आणि गुरुजी खाली उतरलो. विहिरीची भिंत म्हणजे पुश्ताच, चारी बाजूंनी माती रेटते. मी थापीचं टोक सांध्यात घालून दाखवलं. चुना नाही, माती नाही, काही नाही. दगडाला दगड बसवलेला. शेकडो पावसाळे झाले असतील, ओळंबा लावला तर ओळंबाच लाजेल अशी सरळ भिंत.

बघतो तर अंजनाबाई वरच थांबलेल्या. मी म्हटलं, “या की बाई खाली.”

त्या म्हणाल्या, “माज्या म्हायेरी अशीच बारव हुती. आमी हंडा घिऊन वरच थांबायचो. कुनाला दया आली की वरून पानी वतायचं. आतून कशी असती ते बगितलंच न्हाई कदी.”

गुरुजींनी वर जाऊन आईचा हात धरला. त्या एकेक पायरी उतरल्या. मी मात्र, आता सांगायला लाज वाटते, तेवढ्यात माझ्या तांब्याची फिरकी काढून दोन घोट पाणी प्यालो. उन्हानं घसा कोरडा पडला होता, एवढंच मला कळलं.

अंजनाबाईंनी भिंतीवर तळवा ठेवला. मग खालचा एक धोंडा उचलून थरातल्या दगडावर टकटक वाजवलं आणि कान दिला. “खनका हाय,” म्हणाल्या. दुष्काळात त्यांनी वर्षभर रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. दगड आतून सलग असला की खणखणतो, चिरलेला असला की बद्द वाजतो. हे मला शिकायला उस्तादांची दोन वर्षं शिवीगाळ खावी लागली होती, त्या आयत्या शिकून आल्या होत्या.

“ह्येच्यात पानी कुठून निगतं?” त्यांनी विचारलं.

“सगळीकडून. आत तुंबतच नाही.”

“म्हंजी बुजवावं असं भोकच न्हाई.” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग लेकाकडे वळल्या. “मला अशी बांदून दे. शिमिट चार जनांकडं आसंल. बारवंसारकी भितड कुनाकडं हाय?”

गुरुजी हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

काम मात्र सोपं नव्हतं. कोरड्या बांधणीत चूक लपवायला गिलावा नसतो. काळी माती काढत काढत खाली गेलो तेव्हा साडेतीन हातांवर मुरूम लागला, पाया तिथं धरला. भिंतीची जेवढी उंची तिच्या निम्मी पायाची रुंदी, हा उस्तादांचा हिशेब. उंचीच्या दर हाताला भिंत दोन बोटं मागं, परसाकडे झुकत नेली. दर तिसऱ्या थरात लांब दगड आत खोल गेलेले, म्हणजे भिंत मातीला धरून राहते. एका दगडाच्या सांध्यावर वरच्या दगडाचं पोट आलंच पाहिजे. पाठीमागं हातभर जाडीची खडी, तिच्यामागं मुरूम, आणि काळी माती फक्त वर, भाजीपुरती. परसाच्या वरच्या अंगाला आडवा चर, म्हणजे घरावरचं पाणी बाजूनं जाईल.

जुन्या भिंतीचे दगड सोडवून वापरायचे होते. माझं सिमेंट एवढं पक्कं धरलं होतं की घण उडून मागं यायचा. पोती विकली म्हणणाऱ्यांना एकदा तो घण हातात द्यावा, असं मला रोज वाटायचं.

खडी अंजनाबाईंनी स्वतः फोडली. वस्तीतल्या दोघी त्यांच्या सोबतीला बसायच्या. खदानीवरून गाडी आली की त्या ढिगाऱ्यावर बसून दगड वाजवायच्या. बद्द वाजला की बाजूला. एकदा मी घडून ठेवलेला दगडही त्यांनी बाजूला सारला. मी फणकारलो, “बाई, चांगला आहे तो.” त्या म्हणाल्या, “कान लावा.” कान लावला. चिरलेला होता. माझ्या जन्मात माझा दगड कुणी परतवला नव्हता. मला राग आला आणि दुसऱ्याच क्षणी हसू आलं. त्या दिवसापासून त्यांनी वाजवल्याशिवाय एक दगड थरात गेला नाही. जयंतीच्या आधी आठ दिवस भिंत पुरी झाली. त्यांनी घराला चुना दिला, भिंतीला बोटही लावलं नाही.

मग पाऊस आला. आषाढातच अशी झड लागली की ओढा परसाला भिडला. दुसऱ्या दिवशी दुपारी वालूरचा माणूस माझ्याकडे आला. “मिस्त्री, भिंत गळायली. सारं गाव बगायला जमलंय.” मी ओळंबा पिशवीत टाकला आणि सायकल काढली. भीती वाटत नाही म्हणणारा गवंडी खोटारडा असतो.

पोचलो तेव्हा पाऊस ओसरत होता, ओढाही उतरला होता. खालच्या बाजूला पन्नास-साठ माणसं. भिंतीच्या प्रत्येक सांध्यातून पाणी वाहत होतं. वरच्या थरांतून थेंब, मधून धारा, खालून तर नळ सोडल्यागत. मी ओळंबा काढून तीन ठिकाणी लावला. भिंत केसभरही हलली नव्हती. आणि येणारं पाणी नितळ होतं. माती वाहून येत असती तर गढूळ आलं असतं. मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात गेल्या वर्षीचा तोच आवाज आला. “गेल्या खेपंला पोती विकली, आवंदा तर शिमिट आनलंच न्हाई. गळनार न्हाई तर काय हुईल?” चार जण हसले.

मी तोंड उघडणार, तोच वरून अंजनाबाई बोलल्या. डोक्यावर पोत्याची खोळ, परसाच्या अगदी काठावर उभ्या. “गळू द्या की, तिला गळायलाच बांदलीय. आन् मागली भितड मी पाडली. मिस्त्रीनं पानी जायला भोकं ठिवली हुती, ती मी बुजवली. ह्येनला ठावं हुतं. वरीसभर लोकांचं ऐकून घेतलं, पर माजं नाव सांगितलं न्हाई. मलाबी बोलायचा धीर झाला न्हाई, लेकाला लोकं हसतील म्हनून. आता बोलले.”

कुणी हसलं नाही. गुरुजी आईकडे बघत होते, मग माझ्याकडे बघू लागले, आणि त्यांनी सगळ्यांसमोर मला हात जोडले. माझ्या छातीवरचा वर्षाचा धोंडा उतरला. खरं सांगतो, आयुष्यात एवढा मोठा सत्कार माझा पुन्हा झाला नाही.

अंजनाबाईंचं अजून संपलं नव्हतं. “ह्यो मानूस पोती विकील? दोन खेपा काम केलं, पर आमच्या घरचं घोटभर पानीसुदिक घेतलं न्हाई ह्येनं.”

लोकांनी माना डोलावल्या, त्यांना ती माझी तारीफ वाटली. मला वाटली नाही. पेडगावच्या त्या शेतकऱ्याच्या घरी दोन दिवस चहा पिताना मला कुठलं पाणी बाधलं होतं? बोरीला बाधलं होतं? तांब्याची फिरकी मी ठरावीक वस्तीतच फिरवत होतो, आणि ते मला माहीत होतं. बाईंनी ते मुद्दाम म्हटलं की भाबडेपणानं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्यांचा आवाज काही वेगळा नव्हता.

मी बाजूनं चढून परसात गेलो. तांब्याची फिरकी काढली, आतलं सगळं पाणी भाजीच्या वाफ्यात ओतलं आणि रिकामा तांब्या त्यांच्यापुढं धरला. तोवर मी त्यांना बाई म्हणत होतो. म्हटलं, “मावशी, पाणी द्या.”

त्या आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. खालची पन्नास माणसं बघत असताना मी तो उभ्यानं, घटाघटा, तळापर्यंत प्यालो. त्या म्हणाल्या, “आनू का आजून?” मी म्हटलं, “आणा.”

पुढं आसपासच्या गावांतून मला बोलावणी आली. लोक म्हणायचे, अंजनाबाईच्या परसात आहे तशी भिंत पाहिजे. माझं नाव कुणाला आठवायचं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. भिंत अजून उभी आहे, दर पावसाळ्यात गळते. त्यानंतरच्या प्रत्येक कामावर पहिला दगड ठेवायच्या आधी मी घरातल्या बाईला बोलावून पाणी कुठून निघणार ते दाखवायचो, आणि मग तिच्याच हातचं पाणी मागून घ्यायचो. तांब्या घरीच राहायचा.